बाप्पाची पिकअप आणि मंगलाताई

मंगलाताईंचे मला आधी पाय दिसले, चेहरा नंतर. इंग्लंडात मिल्टन कीन्सला भाड्याच्या घरात सामान टाकलं आणि शेजारी मराठी बाई राहतात असं कळलं म्हणून मिरच्या मागायला गेले, तर ड्राइव्हवेवर एका जुन्या पिकअपखालून मोज्यांवर चपला घातलेले दोन पाय बाहेर आलेले. मी मराठीतून हाक मारली. खालून आवाज आला, “मिरच्या फ्रिजमध्ये आहेत, दार उघडंय. येताना ओट्यावरचा पाना आण गं.” मी कोण, कुठली, काही विचारलं नाही.

बाई साठीच्या पुढच्या. हॉस्पिटलच्या लाँड्रीची व्हॅन चालवून निवृत्त झालेल्या. नवरा बागकाम करायचा. तो गेला आणि त्याची पिकअप मागे राहिली. ती विकायची सोडून ताईंनी जमिनीला टेकेल इतकी बुटकी करायला घेतली. का, तर हौस! भंगारातून चाकं आणली, कपडे वाळत घालायच्या दोरीवर बंपर टांगून स्प्रेनं रंगवला, सीटला जुन्या इरकलीची कव्हरं शिवली. “स्वस्तात करायचं, पण स्वस्त दिसता कामा नये,” असं त्या म्हणत. मागची बाजू खाली आणायला त्यांनी चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीतले दोन-दोन लोखंडी पाटेच काढून टाकले. गाडी दिसायला झकास झाली, पण ओझं पेलायची ताकद त्या पाट्यांबरोबर गेली.

किल्ली मात्र कुणाला देत नसत. “तिचं पोट कुठे घासतं ते मलाच कळतं.”

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची मूर्ती शाळेच्या हॉलपर्यंत न्यायचं त्यांनी कबूल केलं. तीन फुटी, शाडूची, पेणहून आलेली. मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका म्हणाले, “अहो मंगलाताई, ही हौसेची गाडी. आपण व्हॅन बघू.”

“इतकी वर्षं गाडी चालवली, कुलकर्णी. एक चादर पडू दिली नाही मी.”

बाप्पा चढले. आता आपली माणसं! गाडीत मोकळी जागा दिसली की कुणाला राहवतं? “ताई, जातच आहात तर एवढं न्या.” समया आल्या, नारळांचं पोतं आलं, मोदकांचे डबे, पेटी, तांदळाची गोणी. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? ताईंनी सगळं चढू दिलं. मी शेजारी बसले होते. त्यांचा जबडा आवळलेला मला दिसत होता.

शाळेच्या फाटकातून आत वळलो आणि पहिल्याच गतिरोधकाच्या हम्पवर खालून खर्रकन आवाज आला. मागे मूर्ती हलली. ताईंनी गाडी जागच्या जागी थांबवली. हॉलच्या दारात गुरुजी वाट बघत होते, मुहूर्त टळत चालला होता आणि पुढे असे आणखी हम्प होते. मंडळी मागून पायी येत होती, त्यांतले कुलकर्णीकाका धावत आले. मूर्तीला तडा गेला असता तर सण तिथेच संपला असता, आणि ताईंनी मंडळात पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

“सगळं उतरवा,” ताई म्हणाल्या. “ज्याचं त्यानं उचला.” मग मागे चढल्या, मूर्तीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि किल्ली माझ्यापुढे धरली. “तू चालव.”

“ताई, मला नाही जमायचं.”

“जमेल. घाई करू नकोस. मी धरलंय.”

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. प्रत्येक हम्पवर खाली लोखंड घासायचं आणि मागून ताईंचा आवाज यायचा, “हं, चल.” हॉलपाशी पोहोचलो तेव्हा बाप्पा जसेच्या तसे होते. ताईंचा दंड मात्र मूर्तीखालच्या लाकडी पाटाला घासून सोलून निघाला होता. कुलकर्णीकाकांनी स्वतः हळद आणून लावली.

तेव्हापासून दरवर्षी गणपतीच्या आधी ताई गाडीखाली शिरायच्या आणि पाटे बसवायच्या. विसर्जन झालं की पुन्हा काढायच्या. “बाप्पाला उंच लागते, मला बुटकी आवडते. दोघांचंही ऐकायचं.” पाना द्यायला मी असायचे.

एका वर्षी आषाढात ताई गेल्या. झोपेतच. गाडी बुटकीच उभी होती. पाटे मी बसवले. कुलकर्णीकाकांनी उजेडाला टॉर्च धरला. त्या वर्षी कुणीही मागे एक पिशवीसुद्धा ठेवली नाही.

पहिला हम्प आला. गाडी उंच होती, काही लागणार नव्हतं. तरी मी थांबले. आरशात बाप्पा एकटेच दिसत होते. ते मला बघवेना. मी उतरले, किल्ली कुलकर्णीकाकांच्या हातात दिली आणि मागे चढले.

“चला काका,” मी म्हटलं. “मी धरलंय.”