इंग्रजीच्या क्लासात आमच्या खाचरांची चौकशी कशाला?

मंडळी, आत्ताच क्लासवरून आले, पण मनातली शंका काही जाईना.

आमच्या घाटघरला देवळात बायकांसाठी फुकट इंग्रजी शिकवतात. सर बाहेरचे आहेत. नाणेघाटात येणाऱ्या पर्यटकांशी बोलता यावं, म्हणून आम्ही जातो.

आज सर म्हणाले, "स्वतःबद्दल खरं सांगा, म्हणजे वाक्य लक्षात राहतं." मग एकेकीला विचारत सुटले. भातखाचरं कुठं आहेत? रस्त्यापासून किती लांब? सातबाऱ्यावर नावं कुणाची? दीर मुंबईलाच असतात का? आणि आम्ही येड्यासारख्या, वाक्य जमलं की टाळ्या वाजवत होतो!

मी म्हटलं, "सर, पर्यटकाला जेवायला काय हवं, ते कसं विचारायचं?"

"ते नंतर," म्हणाले.

वाटेत जावेला माझा संशय सांगितला, तर ती हसली. "आमी शेतीवाल्या बाया. सर दुसरं काय इचारणार? तुला लई शंका!"

तुमच्या गावात आलाय का हो असा क्लास? तिथंही हेच विचारतात?

कारण उद्यासाठी सरांनी एक वाक्य पाठ करायला दिलंय, आणि जाऊबाई आत भाकरी थापता थापता ते घोकतायत: "आय वाँट टू सेल माय लँड."