स्पेनच्या मुलीचा प्रश्न

बी.एड.ला इंग्रजीची अध्यापनपद्धती शिकवणारे आमचे सर म्हणजे एक नमुनाच होता. बावीस वर्षं इंग्रजीचे शिक्षक घडवतोय म्हणून छाती फुगवायचे, आणि शिकवायचे मराठीतून. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजची स्पेनमधल्या अशाच एका कॉलेजशी ऑनलाइन भेट ठरली आणि यांच्या अंगातच आलं. नऊवारी नेसा, नथी घाला, फेटे बांधा! दिवाळीनंतरचे दिवस, आंबे कुठले मिळणार? तर टेबलावर प्लॅस्टिकचे आंबे मांडले. रत्नागिरीत प्लॅस्टिकचे आंबे! शी! लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

प्रत्येकाला चार वाक्यं लिहून दिली. माझ्या वाट्याला पुरणपोळी आली. मी मुकाट्याने पाठ केली, कारण मला त्या भेटीची फार आस लागली होती. मी देवरूखपलीकडच्या खेड्यातली. मराठी न येणाऱ्या माणसाशी आयुष्यात एकदाही इंग्रजी बोलले नव्हते. आणि वर्षभरात इंग्रजीची बाई होणार होते! आपलं इंग्रजी कुणाला कळतं तरी का, एवढं एकदा मला बघायचं होतं.

भेट सुरू झाली. एकेकाने उठून चार-चार वाक्यं ओकली, माझी पुरणपोळीही झाली. पलीकडे साध्या स्वेटरमधली मुलं बिचारी माना डोलावत होती. मग त्यांच्यातली एक मुलगी पुढे सरकली. म्हणाली, माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही, सांभाळून घ्या. आमच्या सरांच्या तोंडून हे सात जन्मांत निघालं नसतं. मग तिने विचारलं, वर्गात एखादं मूल भीतीने बोलतच नाही, तेव्हा तुम्ही काय करता?

हे कागदावर नव्हतं. सर आधी "येस, येस" म्हणाले, मग "थँक यू" म्हणाले. तिने हसून तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. सरांनी घाम पुसत आमच्याकडे पाहिलं. मला प्रश्न पहिल्या फटक्यातच कळला होता. पण मी मनात म्हटलं, मर मेल्या! बघू दे जरा तुझी फजिती. सर लॅपटॉपवर वाकले आणि स्क्रीन काळी झाली.

"रेंज गेली," ते म्हणाले. वायफायचा हिरवा दिवा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पेटलेला होता.

पुन्हा भेट झालीच नाही. माझी एकुलती एक संधी घालवली म्हणून त्या माणसाला मी आजतागायत शिव्या घालत आले.

आता मी देवरूखकडेच एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. परवा आठवीच्या वर्गात हा किस्सा रंगवून सांगितला, सरांची नक्कल केली. मुलं बाकं बडवून हसली. शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. नेमकी तीच उठली.

"मग बाई, तुम्ही काय सांगितलंत तिला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

"अगो, रेंज गेली ना," मी म्हटलं.