कूलरच्या मागची खुर्ची

भिलाईत खोकला आला की माणूस आधी स्टील प्लांटच्या चिमणीकडे बघतो. ही सोय इतर गावांना नाही. तिथल्या बिचाऱ्यांना स्वतःच्या खिशातल्या बिड्या तपासाव्या लागतात. आमच्या चिमण्यांवर काहीही ढकला, त्या नाही म्हणत नाहीत.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी महिला मंडळाच्या कामाला लागले. पोरांनी आयुष्यभर ऐकलं नाही, आता मोठ्यांनीही ऐकू नये एवढीच हौस राहिली होती. काम साधं होतं. लहान मुलं असलेल्या घरी जायचं, घरात तंबाखूचा धूर नको हे समजावायचं, आणि घरानं कबूल केलं की दारावर एक गोल हिरवं स्टिकर चिकटवायचं: ‘धूरमुक्त घर’. कबूल करायला कोणी जराही वेळ लावत नसे. कॅम्प-१ वस्तीत एका गृहस्थांनी मला चहा पाजला, स्टिकर स्वतःच्या हातानं चिकटवलं, चार पावलं मागे जाऊन ते सरळ आहे की नाही हे पाहिलं आणि समाधानानं बिडी पेटवली. दुसरे एक जण फक्त बाथरूममध्ये ओढत. त्यांच्या मते बाथरूम घरात मोडत नव्हतं. आणखी एका घरात पाहुण्यांना सूट होती, आणि त्यांच्याकडे पाहुणे रोज येत.

अशा सगळ्यांच्या नाकावर टिच्चून सांगायला माझ्याकडे दादाचं घर होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर, जन्म काढून रिटायर झाला आणि सेक्टर २ मधलं क्वार्टर लीजवर घेऊन तिथंच राहिला. त्याची सिगारेट माझ्या वहिनीपेक्षा जुनी. सकाळी न चुकता पंचशील म्हणायचा, आणि मी विषय काढला की मलाच शिकवायचा, "पाचव्या शीलात दारूचं हाय. सिगरेटचं कुठं हाय, दाखव मले." पण त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि नातीचं तोंड पाहून या माणसानं स्वतःहून जाहीर केलं की आजपासून घरात सिगारेट बंद, प्यायची तर मागच्या अंगणात. आणि शब्द पाळला. उन्हातान्हात उठून मागे जायचा. मला इतकं भरून आलं की त्याच्या दारावरचं स्टिकर मी ओल्या फडक्यानं दार पुसून लावलं, आणि पुढं घरोघर "माझा भाऊ बघा" म्हणत मिरवले.

उन्हाळा लागला आणि बाळाची छाती वाजायला लागली. रात्री श्वास घेताना तिच्या बरगड्यांच्या मध्ये खळगा पडे, आणि माझी भाची उशाशी बसून तो खळगा बघत राही. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घर में कोई बीड़ी-सिगरेट पीता है?"

"नहीं," वहिनी म्हणाली. "नहीं," भाची म्हणाली. "बिलकुल नहीं," मी म्हणाले, आणि कोणी विचारलं नसताना मंडळाच्या कामाची माहितीही दिली. दादानं मान हलवली. विशेष म्हणजे आमच्यापैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

डॉक्टरांनी औषध दिलं, वाफेचं मशीन दिलं. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा आमचं ते एका सुरातलं उत्तर. या वेळी ते म्हणाले की परत असं झालं तर भरती करावं लागेल. परतीच्या ऑटोत भाची सारखी बाळाच्या छातीला कान लावत होती.

दादानं गुन्हेगार शोधून ठेवलाच होता. ज्या प्लांटविरुद्ध त्यानं जन्मभर कोणाला ब्र काढू दिला नाही, बोनस कमी आला त्या वर्षीसुद्धा नाही, तो प्लांट आता त्याचा वैरी झाला. "हे समदं कोक ओव्हनच्या धुरानं होऊन राहिलं. मी तिथं काम केलं, मले नाई समजत का?" असं म्हणून त्यानं आतल्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. कूलरची खिडकी तेवढी मोकळी ठेवली. बाळाला गरम व्हायला नको ना.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी पॉवर हाउस भागातल्या बाजारातून भाजून निघत त्यांच्याकडे पोचले. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं, भाची जवळ बसली होती. मी पिशवी टाकली आणि सरळ कूलरच्या जाळीला तोंड लावलं. आधी ओल्या वाळ्याचा गार वास आला. मग त्याच्या मागून दादाच्या सिगारेटचा.

मी मागच्या दारानं अंगणात गेले. आमच्याकडे कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवतात, आणि तो बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत सोडतो. या कूलरला खेटून प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती आणि तिच्यावर दादा बसला होता, पाठ ओल्या वाळ्याला लावून. सगळ्या अंगणात गार अशी तेवढीच एक जागा होती. एका हातात कूलर भरायचा पाइप, दुसऱ्यात सिगारेट. कूलरमध्ये पाणी भरणं हे त्यानं नातीसाठी स्वतःकडे घेतलेलं काम होतं, आणि ते तो फार मनापासून, दिवसातून कितीतरी वेळा करायचा. सिगारेटचा धूर वर जातच नव्हता. निघाला की वाकून सरळ वाळ्यात शिरत होता.

"दादा, इथं काहून बसला तू?"

"मंग कुठं बसू? घरात पेऊ का? तूच त स्टिकर लावलं."

"हा धूर कुठं जाऊन राहिला, पाह्यलं का?"

"बाहेर. अंगणात बसलो त बाहेरच जाईन."

मी त्याच्या हातातली सिगारेट काढून घेतली. भाचीला हाक मारून बाळाला पुढच्या खोलीत न्यायला सांगितलं, आणि दादाला म्हटलं, जा, आत रिकाम्या पाळण्याजवळ जाऊन बस. तो पुटपुटत गेला. त्याच्या खुर्चीवर मी बसले आणि मेलेल्या पालीची शेपटी धरावी तशी ती जळती सिगारेट कूलरजवळ धरून ठेवली. नेमक्या त्याच वेळी शेजारीणबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला कुंपणाच्या भिंतीपाशी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सिगारेटकडे पाहिलं, आणि कपडे तसेच ठेवून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत माझी कीर्ती सेक्टरभर झाली असणार.

"मले काईच वास नाई येऊन राहिला," आतून दादाचा विजयी आवाज आला. इतक्या वर्षांनी त्या नाकाला वास येणार तरी कसा? मी उठून आत गेले. भाची बाळाला पुढं ठेवून परत आली होती आणि दारातच थांबली होती.

"मले येऊन राहिला, बाबा," ती म्हणाली. "रोजच येते. मले वाटे तुमच्या कपड्याचा हाय."

दादा उठला आणि त्यानं कूलरचं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

थोड्या वेळानं बाळ रडलं तेव्हा तो सवयीनं हात पुढं करून गेला. भाची म्हणाली, "बाबा, आंघोळ करून या." तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. तेव्हा ती म्हणाली, "आता झोपली." बाळ तिच्या मांडीवर पाय झाडत होतं, ते त्यालाही दिसलं. तो पुढच्या पायरीवर जाऊन बसला. एरवी दादाला टोमणे मारायला मला विचार करावा लागत नाही. त्या दिवशी एकही सुचला नाही. मला त्याची फार दया आली, आणि रागही तेवढाच आला. घरी जाताना मी दारावरचं स्टिकर नखानं खरवडून काढलं.

नंतर दादा सिगारेट प्यायला चौकापर्यंत जायला लागला. भर उन्हात जायचा आणि लालबुंद होऊन परत यायचा. मग पाकीट आणणं बंद केलं. बडीशेप चघळायला लागला आणि दूधवाल्याशी, टीव्हीशी, वहिनीशी भांडायला लागला. एकदा घसरलाही. वहिनीनं वास घेतला आणि आंघोळीचं पाणी अंगणातच आणून दिलं. कूलर पुन्हा सुरू झाला, खिडक्यांच्या पट्ट्या निघाल्या, आणि बाळाची छाती हळूहळू शांत होत गेली. चिमण्या होत्या तिथंच होत्या. कोणी त्यांची माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एवढं होऊनही भाची बाळाला त्याच्याकडे देत नव्हती. भांडली नाही. तो जवळ आला की तिला काहीतरी काम आठवायचं, आणि ती बाळाला घेऊन उठायची. तो दुरूनच चुटक्या वाजवून नातीला हसवायचा.

पुढच्या तपासणीला आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरांनी छाती ऐकली, बरं आहे म्हणाले, आणि लिहिता लिहिता सवयीनं विचारलं, "घर में कोई बीड़ी-सिगरेट पीता है?"

वहिनीनं ‘नहीं’साठी तोंड उघडलं. मीही. आता तर ते खरंही होतं. पण दादा खुर्चीतून उठून उभा राहिला, शिफ्टमध्ये साहेबासमोर उभा राहत असेल तसा.

"मैं पीता था, सर," तो म्हणाला. "बाहर बैठ के. कूलर के पास." थोडा थांबला. "इसको भी मैंने ही पिलाई."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. दादा हळूच खाली बसला. त्याचे हात गुडघ्यांवर होते. भाचीनं ते हात बाजूला केले आणि बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं.