नर्गिसचा अर्ज

परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात मी आणि माझी भाडेकरू नर्गिस बसलो होतो. ती काबूलहून पुण्यात शिकायला आली आणि इकडे शिकत असतानाच तिकडचं राज्य बदललं. आता शिक्षण संपलं होतं, व्हिसाही संपत आला होता. परत जाणं जिवावरचं, म्हणून इथेच राहू द्या असा तिने अर्ज केला होता.

उघड्या खिडकीतून रुईची एक म्हातारी तरंगत आली आणि नर्गिसच्या फाइलवर टेकली. ती उडू नये म्हणून नर्गिस श्वास रोखून बघत राहिली. मला वाटलं, या म्हातारीला कुणी विचारत नाही, कुठून आलीस, किती दिवस राहणार? वारा आणेल तिथे ती उतरते.

नाव पुकारलं गेलं. टेबलामागच्या बाईंनी कागदपत्रं पाहिली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "निर्णय दिल्लीहून येईल. तोवर शहर सोडून जायचं नाही."

बाहेर जिन्यात नर्गिस थांबली.

"काकू, त्या नक्की काय म्हणाल्या?"

"इथून जाऊ नकोस म्हणाल्या."

ती हसली, पण डोळे भरून आले होते.

"आई रोज फोनवर सांगते, येऊ नकोस," ती म्हणाली. "जाऊ नकोस असं आज पहिल्यांदाच कुणी म्हणालं."