शेजारच्या घरातले बोंबील

कम्युनिटीतल्या मित्रांनो, मी राहनाळचा. घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलंय. मऊ भात गिळायला लागलो होतो, पण परवा जोरात ठसका लागला आणि डॉक्टरांनी पुन्हा पेजेवर आणलं.

आज दुपारी शेजारच्या वहिनींकडे पेपर मागायला गेलो, तर माझी बायको तिथे बोंबील-भाकरी खात बसली होती. मला बघताच तिने ताट पदराआड केलं.

"घरी का नाही करत?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"वास आला की तुमी भिंतीकडं तोंड करून झोपता. मला बघवत न्हाय," ती म्हणाली.

मी तिचं ताट उचलून घरी आणलं. ती समोर बसून जेवली, मी पेज प्यायलो. जिभेला अजून चव नाही, पण बोंबलांचा वास पोटभर घेतला.

"लय खावंसं वाटतंय ना?" तिने विचारलं.

"तुझ्या ताटात हात घालून खावंसं वाटतंय," मी म्हणालो. तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

तुमच्यापैकी कोणाची चव परत आली का? पहिला घास कशाचा घेतलात आणि शेजारी कोण होतं, तेवढं सांगा.