गिरणेच्या पात्रातली आखाजी

ती आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत दंगली पाहिल्या, खून पाहिले, मंत्र्यांचे दौरे तर नको इतके पाहिले. पण अंगावर काटा आला तो त्या दुपारी, नदीच्या वाळूत उभं राहून एका बाईच्या शिव्या ऐकताना.

तेव्हा मी पाचोऱ्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गिरणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. नावं सांगत नाही. त्या भागातले लोक ओळखतील आणि गप्प बसतील, एवढा मला विश्वास आहे.

अलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याची केळीची बाग कोणीतरी भरदुपारी कापून टाकली. घड भरत आलेले होते. पंचनाम्याला गेलो तेव्हा शेतमालक बांधावर बसून होता, आणि आडव्या पडलेल्या खोडांतून पाणी ठिबकत होतं. केळीचं खोड मऊ असतं. त्याला ताकद लागत नाही, नुसता राग लागतो.

त्या दिवशी गावात लग्न होतं, सगळं गाव मांडवात. शेतमालकाचा व्याही, म्हणजे त्याच्या सुनेचा बाप, पलीकडच्या गावाहून आला होता. फेटा आधी कोणाला बांधायचा यावरून दोघांची जुंपली. व्याही ताटावरून उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमनी केयी कशी पिकस, देखसूच मी!" संध्याकाळी बाग कापलेली सापडली. मग आणखी काय हवं? घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. इथे व्याह्यानं कोयता धाडला, असं जो तो म्हणू लागला. फिर्यादीत त्याचंच नाव आलं.

मी त्याला अटक केली. ठाण्यात तो एकच सांगत राहिला, की रागानं निघालो, नदीकाठी झाडाखाली बसलो, राग उतरल्यावर घरी गेलो. साक्षीदार नाही. न्यायालयानं त्याला जामीन दिला, पण खरी शिक्षा त्याच्या मुलीला झाली. आखाजीसाठी नव्या सुना आधीच माहेरी जातात, तशी तीही गेली. फक्त निघताना सासऱ्यानं बजावलं होतं, "आते तठेच ऱ्हाय. लेवाले कोनी येवाव नही." पोरीचं लग्न होऊन फार दिवसही झाले नव्हते, आणि परतीची वाट बंद झाली.

ती बापासोबत ठाण्यात हजेरीला आली. रडली नाही. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, मना बाप केयले पोरनागत जपस. तो दुसरानी बी केयी कापाव नही. पन मनं कोन आयकस?"

मी ऐकलं होतं, पण ऐकून भागत नाही, पुरावा लागतो. गावात चौकशी केली. "देखं नही, आयकं नही," हे एकच उत्तर. अनुभवानं मला एक कळलं आहे. गावाला खरंच काही माहीत नसेल तर ते दहा नावं सांगतं. माहीत असेल तर गप्प बसतं. हे गाव गप्प होतं, म्हणजे माणूस आतला होता. त्यापुढे मात्र माझी गाडी हलेना.

त्यात आखाजी तोंडावर आली. आखाजीच्या दुपारी दोन्ही गावच्या बाया गौराई घेऊन नदीत उतरतात आणि मधल्या पाण्याच्या पट्ट्यावरून एकमेकींना शिव्या देतात, खडे मारतात. त्या वर्षी वातावरण तापलेलं, म्हणून मी हा प्रकार बंद करायचं ठरवलं आणि शांतता समितीची बैठक बोलावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारे नाना तेवढे बोलले.

"साहेब, त्या शिव्या बंद करू नका. त्या शिव्या नही, निरोप शेतस."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. फार पूर्वी दोन सख्ख्या बहिणी या दोन गावांत दिल्या होत्या. दोन्ही घरांचं वैर झालं आणि बहिणींची भेट तुटली. माहेरही उरलं नव्हतं. तेव्हा आखाजीला गौराईच्या निमित्तानं दोघी नदीत उतरायच्या आणि आपापल्या काठावरून एकमेकींना शिव्या द्यायच्या. वर उभे असलेले सासरचे खूश, की बघा कशा भांडतात. पण शिव्यांच्या आडून एक सांगायची की मी आजारी आहे, दुसरी सांगायची की मला मारतात. एका वर्षी सासरच्यांना ते कळलं आणि धाकटीला जाब विचारायला ते वाळूत उतरले. तर कोरड्या पात्रात कुठून कोण जाणे, पाण्याचा लोंढा आला. तेव्हापासून नियम पडला.

"नदीमा बोलेल ते नदीनं," नाना म्हणाले. "काठवर त्याना जाब कोनी मांगत नही."

गोष्ट खरी की खोटी, हे मी विचारलं नाही. आदेश मात्र काढला नाही. बंदोबस्त लावला आणि स्वतः जाऊन उभा राहिलो.

ऊन रणरणत होतं. पुढे माहेरवाशिणी, मागे सासुरवाशिणी, असा रिवाज. मागच्यांनी तोंड उघडायचं नसतं. वरच्या लिंबाखाली पुरुषांचे पत्ते चालले होते. गौराईची गाणी झाली, मग शिव्यांना तोंड फुटलं. काय त्या शिव्या! सात पिढ्यांचा उद्धार, आणि तोही यमक जुळवून. माझ्या महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

तेवढ्यात अलीकडच्या गावाच्या मागच्या रांगेतून एक बाई पुढे आली आणि पदर खोचून थेट घोटाभर पाण्यात उभी राहिली. ती शेतमालकाची बायको होती. समोर पलीकडच्या काठावर तिची सून. सगळ्यांना वाटलं, आता सुनेच्या माहेराची खैर नाही. पण बाईनं पलीकडे एकदा पाहिलं आणि सुनेकडे पाठ केली. तिचं तोंड आता स्वतःच्या गावाकडे होतं. असं कधी कोणी केलं नव्हतं. ती खणखणीत आवाजात ओरडली,

"लगीनना सदराले केयीना डाग,
घरनाच कोल्हानी कापी बाग!"

एकदा नाही, तीनदा. लिंबाखालचे पत्ते थांबले. तिथे तिचा धाकटा दीर बसला होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि माझा तपास तिथेच संपला.

 रिवाजानं शिवीला उत्तर द्यावंच लागतं. पलीकडून सुनेचा कापरा आवाज आला, "ये म्हातारी! पानीमा काब्र उभी शे? पडशी नि कंबर मोडी लेशी!" दोन्ही काठ हसले, आणि सासूनं पदर डोळ्यांना लावला.

माझ्या अंगावर काटा आला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून ती बाई इतके दिवस गप्प होती. घरात बोलली असती तर घर फुटलं असतं. ठाण्यात आली असती तर आयुष्यभर बोल लागला असता. जगात तिला बोलायला एकच जागा होती, आणि तिथे ती बोलली.

आता प्रश्न माझा होता. तिचा जबाब घेतला असता तर नदीचा नियम मीच मोडला असता. मी ठाणे दैनंदिनीत लिहिलं, 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली.' आमच्या खात्यात हे वाक्य इतकं घासलं गेलं आहे की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी मात्र मी ते एकेक अक्षर जपून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष धाकट्याकडून लग्नातला पांढरा सदरा ताब्यात घेतला. छातीवर आणि बाहीवर काळपट डाग. केळीचा चीक एकदा लागला की साबणाच्या बापाला जात नाही. घरचे कपडे धुणाऱ्या वहिनीला तो आधीच दिसला होता.

"कामना डाग शे, साहेब," तो म्हणाला.

"लग्नाचा कोरा सदरा घालून केळीत कोण शिरतं रे?"

त्यानं एकदा सदऱ्याकडे पाहिलं. मग बोलला. "विहीर दोन्ही भाऊस्नी, पन मोटर त्याना हातमा. मनी केयी सुकी गयी नि त्यानी हिरवीगार. लगीनमातून उठनू नि गऊ." पंचांसमोर त्याचं म्हणणं लिहून घेऊन निवेदन पंचनामा झाला आणि त्यानंच कडब्याच्या गंजीतून कोयता काढून दिला.

अंगठा देण्याआधी त्यानं हात जोडले. मला वाटलं, सोडून द्या म्हणेल.

"साहेब, वहिनीनं नाव कागदवर लिखू नका. ती नदीमा बोलनी."

ज्या बाईनं त्याला उघडं पाडलं, तिच्यासाठी तो हे मागत होता. मी त्याला कागद वाचून दाखवला. त्यात तिचं नाव नव्हतं. मगच त्यानं अंगठा दिला.

व्याह्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. शेतमालक स्वतः नदी ओलांडून सुनेला आणायला गेला आणि व्याह्याच्या पायावर डोकं ठेवून आला. धाकटा जामिनावर सुटून घरी परतला, तेव्हा दारात पाण्याचा तांब्या घेऊन वहिनीच उभी होती, असं पोलीस पाटलानं मला सांगितलं. मोटरीची किल्ली त्यानंतर दोघा भावांत राहिली.

गाव पोलिसांना काही सांगत नाही, असं आम्ही ठाण्यात बसून म्हणायचो. पण सांगणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच चुलीवर भाकरी थापायची असते, हे आमच्या कोणत्याच प्रशिक्षणात नव्हतं. गोष्टीतल्या दोन बहिणी होत्या की नव्हत्या, देव जाणे. त्यांनी आपल्या लेकीबाळींसाठी वाळूत करून ठेवलेली जागा मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिथे मी माझी टोपी काढून हातात घेतली होती.