माय भिंतीकडे पाहत होती

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या मायला ओळखत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. मराठी घेऊन बी.ए. ‘डोळेझाक करणे’, ‘नजरेआड करणे’ — अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. माझा कधी एक मार्क कापला गेला नाही. सगळं पाठ असायचं. आणि पाठांतराचंच तर सांगायचं आहे...

त्या वर्षी धानाच्या रोवणीत मायची डावीकडची ओळ वाकडी जायला लागली. बांधीतल्या बाया हसायच्या — “काहून वो, नजर कोणाकडे हाय तुही?” मायही हसायची. पुढे आमच्या कॉलेजनं सानगडीत डोळ्यांचं शिबिर घेतलं. नावं लिहायला मी होतो, सोबत वर्गातले मित्र.

तिथे अक्षरांचा तक्ता वाचायचा होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांची रांग वेगळी — इंग्रजी E सारख्या चिन्हाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते त्यांनी हातानं दाखवायचं. त्या रांगेत माझी माय? माझ्या मित्रांसमोर? शिबिराचं सामान माझ्याकडे ठेवलेलं, म्हणून तक्ता आदल्या दिवशी माझ्याच घरी होता. चुलीपाशी बसून मी तिच्याकडून घोकून घेतला. ग. म, त. र, प, न. तिला वाटलं, पोरगा आपल्याला शिकवतो आहे. काय खूश होती!

दुसऱ्या दिवशी तिनं उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि अख्खा तक्ता धडाधडा म्हटला. एक अक्षर चुकलं नाही. तपासणाऱ्यानं ‘नजर चांगली’ असं लिहिलं. आतल्या डॉक्टरांकडे तिला पाठवलंच नाही, सरळ घरी. मित्र म्हणाला, “तुही माय तं शिकलेली हाय बे!” मी — मी मान हलवली.

पण म्हणताना ती तक्त्याकडे पाहत नव्हती. हातभर बाजूला, कोऱ्या भिंतीकडे पाहत होती.

‘परत तपासा’ — दोनच शब्द. एवढे शब्द पाठ असलेल्याला ते दोन का सापडले नाहीत? सापडले होते. मी गिळले.

दोन वर्षांनी तिला भंडाऱ्याला नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. आधी का नाही आणलं? मायच मध्ये बोलली — “शिबिरात दाखवलं होतं जी. तवा बरोबर होतं.” आणि मी? ‘आमच्या लक्षात आलं नाही,’ म्हणालो. शुद्ध मराठीत.

आता उजवाही डोळा जवळपास गेला आहे. पाहुणे आले की माय ओसरीत बसून अजून ती अक्षरं म्हणून दाखवते. “माह्या बाबूनं शिकवलं मले, एका दिवसात.” पाहुणे माझ्याकडे कौतुकानं पाहतात. तीही माझ्याकडे तोंड करते — हातभर बाजूला.

मी ते पाहतो. तेव्हाही पाहिलं होतं.